बॅकअप झाला, हे सांगणार कोण?

नागपूर–अमरावती रस्त्यावरची मोझरी महाराष्ट्राला ठाऊक झाली ती तुकडोजी महाराजांमुळे. १९३५ साली त्यांनी इथे गुरुकुंज आश्रम उभा केला, १९५५ साली ग्रामगीता लोकांच्या हाती दिली आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचं निर्वाण झालं. त्यांची समाधी इथेच आहे. त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव आहेत, आणि जिथे शाखा आहे तिथे काही ना काही साठतच जातं: खंजिरीवरच्या भजनांची ध्वनिमुद्रणं, पुण्यतिथी महोत्सवाची चित्रीकरणं, जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं, देणगीदारांच्या याद्या, जमाखर्च. अशी ठेव आता कपाटातून हार्डडिस्कवर आली आहे. त्याच रस्त्यालगतच्या पतसंस्थेची, शाळेची, कृषी सेवा केंद्राची आणि लग्नाचे अल्बम करणाऱ्या फोटो स्टुडिओची गतही तीच आहे.

यांपैकी कोणालाही विचारा, बॅकअप घेता का? ‘नाही’ म्हणणारे आता फार थोडे उरलेत. वऱ्हाडात उत्तर येतं, “कायले चिंता करता भाऊ, आपोआप होते थो.” हा आढावा त्या ‘आपोआप’चा आहे. रात्री दोन वाजता जे काम व्हायचं होतं ते झालं, अर्धवट झालं, की तीन महिन्यांपासून बंदच आहे, हे कळतं कसं आणि कोणाला? माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ही मला बॅकअप नसण्याइतकीच गंभीर बाब वाटते. बॅकअप नाही हे ठाऊक असलेला माणूस निदान जपून वागतो.

महाराष्ट्राने याचे धडे घेतले आहेत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचे प्राण गेले आणि कागदी फायलींची राख झाली. सरकारी दप्तर संगणकावर नेण्याला त्यानंतर जोर आला. पण संगणकावर नेलेलं दप्तरही सुरक्षित नसतं, हे २१ मार्च २०२१ च्या रविवारी दिसलं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि राज्यभरचं ऑनलाइन कामकाज अडकलं. मोझरीहून अमरावतीला जाताना लागणारी नांदगाव पेठची औद्योगिक वसाहत याच महामंडळाची. महामंडळाने तेव्हा काढलेल्या निवेदनातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. यंत्रणा बंद पडल्याचा इशारा रात्री अडीच वाजता आपोआप आला होता. आणि नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या काही बॅकअप फाइलींना लागण झाली नव्हती. वेळेवर आलेला इशारा आणि वेगळी ठेवलेली प्रत, या दोन गोष्टी हाताशी असल्या की संकट निदान मोजता तरी येतं.

इशाराच आला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जगाला गिटलॅब या कंपनीने स्वतःच प्रामाणिकपणे सांगून ठेवलं आहे. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे साठवतात अशी ही सेवा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दुरुस्ती करताना एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटापैकी साडेचार जीबी उरला होता. बॅकअपच्या पाच निरनिराळ्या सोयी कागदावर होत्या. एकेक उघडून पाहिली, तेव्हा एकही धड कामाची निघाली नाही. डेटाबेसची रोजची प्रत जिथे जमा व्हायची ती जागा रिकामी होती, कारण प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. दोघांचं जमेना, म्हणून प्रोग्राम रोज एरर देऊन थांबत होता. या एररचा ईमेल पाठवण्याची सोयही केलेली होती. पण त्या ईमेलवर पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी सही नव्हती, त्यामुळे घेणारा सर्व्हर ते दारातूनच परत लावत होता. बॅकअप बिघडला होता, बिघाड सांगणाराही बिघडला होता, आणि सगळीकडे शांतता होती. कंपनी वाचली ती एका योगायोगाने. त्याच अभियंत्याने सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तरीही मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

पाच सोयी असलेल्या कंपनीची ही कथा, मग एका हार्डडिस्कवर भिस्त ठेवणाऱ्या संस्थेचं काय? त्यासाठी आधी यंत्र आपल्याशी कसं बोलतं ते समजून घ्यायला हवं.

प्रत्येक आज्ञा पुरी झाली की संगणक एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड, असा साधारण रिवाज. लिनक्सवर प्रत काढणाऱ्या ‘आरसिंक’ने २३ दिला तर समजावं की काही फाइली गेल्या, काही राहिल्या. २४ दिला तर काम चालू असताना मूळ जागेवरच्या काही फाइली कोणीतरी हलवल्या. पण विंडोजच्या ‘रोबोकॉपी’चा रिवाज निराळा आहे. तिथे १ म्हणजे फाइली नीट उतरल्या, शून्य म्हणजे उतरवण्यासारखं काही नव्हतं, आणि ८ पासून वर खरी चूक. हे माहीत नसलेला माणूस शून्याला ‘झालं’ आणि एकला ‘फसलं’ समजतो. महिनाभर शून्यच येत राहिला तर त्याने खरं तर विचारायला हवं, की महिनाभर एकही नवी फाइल कशी आली नाही? रोज पावत्या फाडणाऱ्या कार्यालयात ते शक्य नाही. बहुधा मूळ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेलं असतं आणि बॅकअप इमानेइतबारे जुन्या, निपचित पडलेल्या फोल्डरची राखण करत असतो.

विजेचा प्रश्न तर आपल्याकडचा खासच. संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत खेड्यांतच काय, अमरावतीतही आहे. अशा वेळी रात्री दोनचा बॅकअप चालणार कसा? विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव’ असा पर्याय आहे, पण तो मुळात बंद असतो, हाताने चालू करावा लागतो. दुसरी एक खूण मात्र मुळातच लावलेली येते: संगणक चार्जरवर असेल तरच काम सुरू कर. लॅपटॉपवर कारभार चालवणाऱ्या संस्थेत ऐन वेळी वीज गेली, की त्या रात्रीचा बॅकअप सुरूच होत नाही. एररही येत नाही, कारण चूक घडायला काम सुरू तर व्हायला हवं! बॅकअपची वेळ दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठेवावी, असं माझं वऱ्हाडातल्या छोट्या संस्थांना साधं सांगणं आहे. तेव्हा माणसं जागी असतात आणि मशीन चालू असतं.

आता एक उदाहरण जवळून पाहू, कारण हा दोष मराठीत काम करणाऱ्यालाच जास्त छळतो आणि इंग्रजी पुस्तकांत तो सहसा सापडत नाही. आपल्याकडे फाइलीला नाव देताना माणूस अख्खी हकीकत लिहितो. समजा, महोत्सवातल्या चित्रीकरणाला कोणी नाव दिलं: ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सव मौन श्रद्धांजली गुरुकुंज मोझरी संपूर्ण चित्रीकरण’. अकरा शब्द. विंडोज अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरांतले हलंत आणि मोकळ्या जागा असं सगळं सुटं मोजतं. फाइलीचा प्रकार सांगणारं शेवटचं चार चिन्हांचं शेपूट धरून हे नाव ९६ चिन्हांचं भरतं. मर्यादा २५५ ची, म्हणजे विंडोज खूश. पण बॅकअप नेटवर्कवरच्या ज्या साठवणपेटीवर (एनएएस) जातो ती बहुधा लिनक्सवर चालते, आणि तिथे मर्यादा २५५ बाइटची असते. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट खातं. नावातली देवनागरी चिन्हं ८२, त्यांचे २४६ बाइट, दहा मोकळ्या जागांचे दहा, शेपटाचे चार. एकूण २६०. पाच बाइट जास्त झाले, आणि वर्षातली सगळ्यात मोलाची फाइल बॅकअपमध्ये गेलीच नाही. बाकीच्या हजारो फाइली गेल्या, लॉगमध्ये एक ओळ उमटली, आणि खाली ‘काम पूर्ण, १ त्रुटी’ असा शेरा पडला. त्या ‘१’ कडे कोण बघतो? काही पेट्यांवर फोल्डर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलं की नावाची मर्यादा १४३ बाइटवर येते. मग पन्नासेक चिन्हांचं मराठी नावही बसत नाही. वरच्या नावातला ‘संपूर्ण’ हा एक शब्द काढला तर साध्या पेटीवर ते २३८ बाइटमध्ये बसतं. देवनागरी नावं सोडू नका, फक्त आटोपशीर ठेवा, आणि तारीख आकड्यांत लिहा.

असाच एक अडसर पेनड्राइव्हचा. जुन्या ‘फॅट३२’ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, जागा कितीही रिकामी असली तरी. भजनसंध्येचं एडिट केलेलं चित्रीकरण सहज त्यापुढे जातं. मोठ्या फाइली वगळून छोट्या तेवढ्या उतरतात आणि फोल्डर भरलेलं दिसतं.

म्हणजे ‘एरर आली तर कळवा’ एवढ्यावर विसंबता येत नाही. एरर सांगणारा तोतरा असू शकतो, त्याचा निरोप वाटेत हरवू शकतो, किंवा काम सुरूच न झाल्याने सांगायला कोणी नसतं. यावर जाणकारांनी काढलेली तोड मला या सगळ्या विषयातली सर्वांत शहाणी वाटते. त्यांनी निरोपाची दिशा उलटी केली. बॅकअपने यशस्वी झाल्यावर एका वेगळ्या ठिकाणी हजेरी लावायची. ठरल्या वेळेपर्यंत हजेरी लागली नाही, की त्या ठिकाणाने बोंब मारायची. गुरुकुंजात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना ठरल्या वेळी होते. एखाद्या दिवशी ती कानावर आली नाही, तर काहीतरी घडलंय हे कळायला गावाला वेगळा निरोप लागणार नाही. अगदी तसं. वीज गेली, मशीन जळालं, इंटरनेट तुटलं, कोणी सेटिंग बदललं, कारण कोणतंही असो, हजेरी चुकते आणि इशारा येतोच. ‘हेल्थचेक्स’सारख्या सेवा हे काम करतात. हेल्थचेक्सचा कोड खुला आहे आणि थोडक्या कामांसाठी ती सेवा फुकट वापरता येते. प्रत्येक कामाला एक पत्ता मिळतो, बॅकअपच्या आज्ञांच्या शेवटी तो पत्ता उघडण्याची एक ओळ घालायची, आणि इशारा ईमेलवर किंवा टेलिग्रामवर मागवायचा. एक पथ्य मात्र कडक पाळावं लागतं. हजेरीची ओळ काम यशस्वी झालं तरच चालली पाहिजे. बॅकअप फसला तरी खालची ओळ चालतेच अशी मांडणी अनेकांकडून होते, आणि मग हजेरी खोटी लागते.

रोज ‘बॅकअप यशस्वी’ असा ईमेल मागवणं मात्र मला निरुपयोगी वाटतं. पहिला आठवडा माणूस वाचतो, नंतर न उघडता पुसतो. ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही.

हजेरी लागली म्हणून भरवसा पुरा होत नाही, कारण ती काय उचललं ते सांगत नाही. त्यासाठी आकार पाहायचा. बॅकअपचा आकार आणि फाइलींची संख्या रोज एका तक्त्यात उतरवली की संस्थेचा स्वभाव दिसू लागतो. पतसंस्थेचा आकडा रोज थोडा वाढतो, शाळेचा जूनमध्ये उडी घेतो, स्टुडिओचा लग्नसराईत. हा स्वभाव मोडला की विचारायचं. आकार एकदम शून्यावर आला तर मूळ ड्राइव्ह जोडलेला नाही. एकाच रात्रीत जवळपास सगळ्याच फाइली ‘बदललेल्या’ दिसल्या तर खंडणीखोर व्हायरसने त्यांना कुलूप घातल्याची शंका घ्यावी, आणि नवी प्रत जुन्या प्रतीवर चढण्याआधी डिस्क सोडवून घ्यावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोबाइलमधले फोटो आपोआप वर जातात, दोन संगणकांतली फोल्डरं आपोआप सारखी होतात, त्याला पुष्कळ लोक बॅकअप म्हणतात. ते नुसतं जुळवणं आहे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं, याच उद्योगसमूहाचं एक टर्मिनलही त्यात अडकलं आणि कंटेनर खोळंबले. कंपनीच्या संगणकांची ओळखपाळख सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर होते आणि सगळे एकमेकांशी जुळवलेले. एक गेला तर दुसरा आहे, ही कल्पना. व्हायरसने सगळे एकदमच पुसले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून सगळा डोलारा पुन्हा उभा राहिला. विजेने दिलेल्या त्रासाचं ओझं रोज वाहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट विशेष समजावी: जोडणी तोडून बाजूला ठेवलेली एक डिस्क काय करू शकते! तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना घालून दिलेल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीतही महत्त्वाच्या माहितीची प्रत काढून ती संगणकापासून सोडवून ठेवायला सांगितलं आहे. गावोगावच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, पण म्हणून हा सल्ला त्यांनी टाळू नये.

एकच जागा किती धोक्याची, हे दक्षिण कोरियाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी पाहिलं. देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या फाइली जिथे साठत होत्या ती ८५८ टेराबाइटची यंत्रणा जळाली. आकार फार मोठा म्हणून तिची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. आपल्याकडे आकार छोटा असतो, कारण मात्र दुसरंच असतं: डिस्क ठेवायला दुसरी जागा कोणती, हेच ठरलेलं नसतं. संगणकाशेजारच्या खणात ठेवलेली डिस्क चोर संगणकासोबतच नेतो, आणि मृगाच्या पहिल्या कडकडाटात वीज पडली तर दोन्ही एकाच वेळी जळतात.

बॅकअपचं यंत्रच घातक ठरू शकतं, हे जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये दिसलं. जुने लॉग पुसणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, ती चालू असतानाच, नवी आवृत्ती भरली गेली. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी वाचली गेल्याने ती लॉगऐवजी संशोधकांच्या फाइलीच पुसत सुटली. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली, १४ संशोधन गट. काही गटांचं काम परत मिळालंच नाही. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली. दोन दिवस हे चाललं होतं. फाइलींची संख्या घटतेय की वाढतेय एवढंच कोणी रोज पाहिलं असतं, तरी पहिल्या दिवशीच हात आवरला असता.

राहता राहिली शेवटची कसोटी: परत मिळवून पाहणे. लॉग हिरवा, हजेरी पुरी, आकार ठीक, तरीही फाइल उघडेल याची हमी नसते. यासाठी पद्धती दोन. एक यंत्राची: प्रत्येक फाइलीचा ठसा (चेकसम) काढून मूळ आणि प्रत जुळतात का ते पाहणे. ‘रेस्टिक’, ‘बोर्ग’ यांसारख्या मोफत साधनांत साठा तपासण्याची आज्ञा आहे. नुसती यादी तपासायची की आतला सगळा मजकूर वाचायचा हे ठरवता येतं, आणि महिन्यातून एकदा तरी सगळा वाचावाच. पद्धत दुसरी माणसाची: मूळ संगणकाला हात न लावता, भलत्याच संगणकावर चार-सहा फाइली परत घ्यायच्या आणि उघडायच्या. भलता संगणक कशाला, तर आपल्याकडचा एक दोष तिथेच उघडा पडतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला आहे. प्रत अगदी तंतोतंत उतरते, ठसा जुळतो, आणि नव्या मशीनवर ग्रामसभेच्या ठरावाऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट बॅकअपमध्ये ठेवलेलाच नसतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचंही तसंच: डेटा आहे, पण तो उघडणारी आवृत्ती आणि पासवर्ड ज्याच्याजवळ होता त्याची बदली झालेली.

३१ मार्चला जगभर बॅकअप दिन पाळतात. आपल्या लेखापालाला त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते, म्हणून ही चाचणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवावी. वर्षाचा हिशेब नुकताच बंद झालेला असतो, परत घेतलेल्या फाइलीतली शिल्लक छापील ताळेबंदाशी ताडून पाहता येते. दुसरी चाचणी पावसाळ्याआधी.

हे सगळं करायला पैसा फारसा लागत नाही. नेमून दिलेला माणूस लागतो. दुकानदार डिस्क विकून जातो, सॉफ्टवेअरवाला वर्षाकाठी येतो, सचिव दर पाच वर्षांनी बदलतो, आणि बॅकअप पाहणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. मासिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘मागील महिन्यातील बॅकअपचा अहवाल’ हा एक विषय घातला, तर इतिवृत्तात कोणाचं तरी नाव येतं. आत लिहायचं एवढंच: किती दिवस हजेरी लागली, आकार किती, कोणत्या फाइली परत घेऊन उघडल्या, कोणी उघडल्या.

मोझरीच्या परिसरात हे करायला सोपं जावं असं एक कारण आहे. सेवा मंडळाच्या शाखांचं जाळं आधीच आहे आणि माणसांचं येणं-जाणं आहे. दोन गावांच्या शाखांनी एकमेकींची कुलूपबंद डिस्क सांभाळावी: तिवस्याची वरुडला, वरुडची तिवस्याला. महोत्सवाला मोझरीत भेट झाली की डिस्कांची अदलाबदल व्हावी, आणि परत देण्याआधी समोरच्या शाखेच्या माणसाने आपल्या लॅपटॉपवर स्वतः पासवर्ड घालून एक जुनं भजन आणि जमाखर्चाचं एक पान उघडून दाखवावं. भजन वाजलं, पान वाचता आलं, तर वहीत तारीख आणि दोघांच्या सह्या. वाजलं नाही, तर मूळ डिस्क अजून शाबूत आहे तोवरच दुरुस्ती करायला वेळ हाती असतो.